हळदीच्या दिवसांतला प्रिंटर

परवा सांगलीच्या स्टँडवर उतरले आणि वाऱ्यात हळद होती. फाल्गुन सरत आला की मार्केट यार्डाच्या बाजूनं हा वास येतो. सौदे सुरू झालेले असतात, पोत्यांची चढउतार चाललेली असते, आणि त्या बाजूनं रिक्षा गेली तरी घशाला कळतं की आपण सांगलीत आहोत. या वासानं बाईमाणसाला लग्न आठवावं, हळद लागलेले हात आठवावेत. माझं तर लग्नही याच दिवसांच्या शेवटी झालं. तरी मला आठवतो तो एक प्रिंटर. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या हंगामातलं पुष्कळसं काही मला तेव्हाही कळलं नव्हतं, आणि आता इतकी वर्षं साताऱ्यात संसार करूनही सगळं उलगडलं आहे असं नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. पेढीवर नवा प्रिंटर आला तेव्हा जुना गोदामात पोत्यांमागं जाऊन पडला. मालकांना विचारून आण्णांनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला. मूळचा पांढुरका असावा, पण इतके हंगाम पेढीवर काढल्यावर त्याच्या फटीफटीत हळद बसली होती. आण्णांनी वर्तमानपत्रावर तो उलटा करून थोपटला, तर खाली पिवळा थर जमला.

आई म्हणाली, "एका कालवणाला हुईल की एवढी."

"ह्यो चालंल का गं पर?" आण्णांनी मला विचारलं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते, त्यामुळे वायर असलेली कुठलीही वस्तू मला कळते अशी घरात समजूत होती.

"बघू या," मी म्हणाले.

प्रिंटर हवा होता शैलासाठी. शैला माझी धाकटी बहीण. ती लहान असताना तापात तिचे डोळे गेले. अंधांच्या शाळेत वसतिगृहात राहून ती शिकली, ब्रेल शिकली, आणि कॉलेजसाठी परत घरी आली. बी.ए.ला इतिहास घेतला. शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळायची, कॉलेजची मिळत नव्हती. ती मी वाचून दाखवायची. संध्याकाळी गावभागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या उंबऱ्यावर मी पुस्तक घेऊन बसायची आणि शैला भिंतीला टेकून मांडीवर ब्रेलची पाटी घ्यायची. पाटीत जाड कागद अडकवून टोच्यानं त्यावर ठिपके टोचायचे. टोचलेला ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडं. मग कागद उलटा करायचा आणि बोटांनी डावीकडून उजवीकडं वाचायचं. माझं वाचन आणि तिची टकटक. गल्लीतून जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "चालू झाली बघा ह्यांची शाळा."

त्या माघात माझं लग्न ठरलं. साताऱ्याचं स्थळ होतं, माणसं चांगली होती, नाही म्हणावं असं काही नव्हतं. तारीख वैशाखातली धरली. शैलाची शेवटच्या वर्षाची परीक्षा त्याआधी चैत्रात होती, आणि परीक्षेनंतर तिला एम.ए. करायचं होतं. मी गेल्यावर तिला कोण वाचून दाखवणार, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही. आई चौथी शिकलेली. आण्णा दिवसभर पेढीवर, घरी आले की डोळे चोळत बसायचे. शैला स्वतः तर लग्न ठरलं त्या दिवशी एवढंच म्हणाली, "साताऱ्यात थंडी लय असते म्हणे." त्यात आनंद होता, तक्रार होती, की दोन्ही, मला समजलं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत राहिले. पाहून तिच्या मनातलं कळेल असं मला सारखं वाटायचं आणि कधीच कळायचं नाही.

प्रिंटरचं सुचलं ते आण्णांच्या खिशातल्या एका कागदावरून. पेढीवर छापलेला तो कागद मी उजेडात धरला, तर प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांचं होतं. आत एका डोक्यात सुया असतात आणि त्या शाईच्या फितीवर आपटून कागदावर ठिपके उठवतात, एवढं मला ठाऊक होतं. ब्रेलचं अक्षरही ठिपक्यांचंच, दोन उभ्या ओळींत मिळून सहा जागा, कुठं ठिपका उठवायचा आणि कुठं नाही एवढाच प्रश्न. फीत काढून टाकली आणि जाड कागद घातला तर या सुयांनी शैलाला वाचता येतील असे ठिपके उठणार नाहीत का? इतकी साधी गोष्ट वाटली की यात अडचण काय येणार, हेच मला दिसेना.

कॉम्प्युटर मामांनी आणला. मामा कोयनानगरला वीज प्रकल्पावर नोकरीला होते आणि तिथल्या कॉलनीत राहायचे. त्यांच्या एका साहेबांचा भाऊ परदेशातून येताना घरगुती वापराचा छोटा कॉम्प्युटर घेऊन आला होता. त्यांची मुलं त्यावर खेळून मोठी झाली, आणि ते यंत्र माळ्यावर गेलं. मामांनी ते मागून घेतलं. घाटातल्या एस.टी.त धक्के बसू नयेत म्हणून चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आले. आईनं गाठोडं सोडलं आणि विचारलं, "ह्याचं बाकीचं कुठं हाय?" कारण तो दिसायला नुसता टाइपरायटरच्या कळांचा पाट होता. पडदा त्याला नव्हताच. तो आमच्या टीव्हीला जोडायचा, आणि टीव्हीचं बटण फिरवत फिरवत मुंग्यांमधून अक्षरं दिसेपर्यंत शोधायचं. त्याला काही लक्षात ठेवायला सांगायचं तर टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर भरायचं, आणि पुन्हा हवं असेल तेव्हा ती कॅसेट लावायची. मग टेपमधून एक कर्कश आवाज निघायचा, आई कानांवर हात ठेवायची, आणि तो आवाज म्हणजेच मी लिहिलेलं सगळं असायचं. मला ते समजून सांगता यायचं नाही. शैलाला मात्र थोड्याच दिवसांत आवाजावरून कळू लागलं की भरून झालं की नाही. "अजून शेपूट राहिलंय," ती म्हणायची.

खरा घोळ झाला तो या दोघांची गाठ घालताना. दोन यंत्रं, एक परदेशातल्या घरात वाढलेलं आणि एक यार्डात. कॉम्प्युटरच्या मागचं तोंड वेगळं, प्रिंटरचं वेगळं. तयार वायर सांगलीत मिळेना. मामांनी दोन्ही बाजूंची तोंडं पैदा केली, चपटी वायर घेतली, रजा काढून आले आणि आमच्या मधल्या खोलीत बसून एकेक तार डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडली. नेमकी वीज गेली, तर आई म्हणाली, "वीज तयार करणाऱ्याच्याच बहिणीच्या घरात अंधार." मामा हसले. डाग देण्याचं हत्यार गार होत होतं ते हातात धरून बसून राहिले.

वीज आली. शैला प्रिंटरला चिकटून बसली, कारण तिला आवाज ऐकायचा होता. मी टीव्हीवर तिचं नाव टाइप केलं आणि छाप म्हणून सांगितलं. काहीच झालं नाही. पुन्हा सांगितलं. काही नाही. मी कंटाळून सांगतच राहिले, आणि एकदम प्रिंटर असा काही ओरडला की फळीवरची भांडी थरथरली. मामा ताडकन उठून दाराकडं निघाले. भूकंपाच्या कोयनेत इतकी वर्षं राहिल्यावर भांडी वाजली की बाहेर पळायचं हे अंगात मुरलेलं असतं. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं, तसे ते चौकट धरून उभे राहिले आणि आम्ही सगळे हसत सुटलो.

कागदावर आलेलं शैलाचं नाव नव्हतं, आणि दुसऱ्याही कुणाचं नव्हतं. तिच्या नावातल्या इंग्रजी 'ए'च्या जागी 'बी' होता, 'आय'च्या जागी 'जे' होता. काही अक्षरं दुप्पट रुंद, मध्येच मोकळ्या जागा.

"काय आलंय?" शैलानं विचारलं.

मी जसं होतं तसं वाचून दाखवलं. तो उच्चार करताना माझी जीभ वळेना.

"म्हणजे त्याला मी अशी ऐकू येते," शैला म्हणाली.

आम्ही एकेक अक्षर पाठवून पाहिलं. 'ए' दिला की 'बी' यायचा. 'बी' दिला की 'ए'. 'सी' दिला तर मात्र 'सी'च. 'डी'सुद्धा बरोबर. 'ई' आणि 'एफ'नी पुन्हा आपसात जागा बदललेल्या. मी चक्रावून गेले. सगळंच चुकत असतं तर समजलं असतं. हे तर काही खरं सांगायचं आणि काही खोटं, आणि कुठलं कधी याचा पत्ता लागू द्यायचा नाही. बरीच डोकेफोड केल्यावर मामांनीच ओळखलं. दोन शेजारच्या तारांची अदलाबदल झाली होती. ज्या अक्षरांना त्या दोन्ही तारा सारख्याच लागत होत्या ती सुखरूप पोचत होती, बाकीची एकमेकांच्या घरात जात होती. त्या तारा उलटसुलट केल्या. अक्षरं सुधारली, तर आता कागद पुढं सरकेना. सगळ्या ओळी एकावर एक छापून एकच काळी पट्टी उमटायची. तेव्हा प्रिंटरच्या पोटात एक इवलंसं बटण निघालं. ते पलीकडं ढकललं आणि कागद चालू लागला.

मामा परत जायला निघाले तेव्हा शैलानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मामा, उगंच तुमची रजा गेली."

"उगंच का गं?"

ती आत वळली. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

पुढचं काम माझं होतं. शाईची फीत काढून टाकली. सुया आपटल्यावर कागद मागं दबायला हवा, म्हणून प्रिंटरच्या रुळावर सायकलची जुनी ट्यूब कापून ताणून बसवली. कागद म्हणून जुन्या कॅलेंडरची जाड पानं. एकच पूर्णविराम एकाच जागी पुन्हा पुन्हा हाणायचा, म्हणजे ठिपका वर येतो. प्रत्येक अक्षराला कुठले ठिपके, हे मला शैलाच्या पाटीमुळं डोळ्यांनी पाठ होतं. ते सगळं कॉम्प्युटरला शिकवलं. ठिपके कागदाच्या मागं उठणार, म्हणून ओळ उजवीकडून सुरू करायची हेही मी विसरले नाही. मोठ्या ऐटीत मी इतिहासाच्या पुस्तकातल्या चार ओळी छापल्या, कागद उलटा करून शैलाच्या हातात दिला.

तिची बोटं चालली, थांबली, मागं आली.

"ताई, हे काय आहे?"

"तुझं पुस्तक."

"'इ'चा 'ए' झालाय. 'ह'चा 'ज' झालाय. बाकीची अक्षरं तर कुठल्या देशातली आहेत कोण जाणे."

मी ओळ उलटी केली होती, पण ओळीतलं प्रत्येक अक्षर तसंच सुलटं ठेवलं होतं. आरशात मिरवणूक उलट दिशेनं चालावी आणि माणसांनी मात्र घड्याळ डाव्याच मनगटावर ठेवावं, तसं काहीतरी. हे मला आता लिहिताना सोपं जातंय. तेव्हा मी दोन दिवस डावं कुठलं आणि उजवं कुठलं यातच फिरत होते. भाकरी वाढताना आईला विचारलं होतं, "आई, आरशात तुझी नथ कुठल्या बाजूला दिसते?" आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

त्याच रात्रीच्या जेवणानंतर भांडी घासताना आई हळूच म्हणाली, "सुमे, एक इचारू? तू निगालीस म्हणून तुज्या जागी ह्यो डबा बसवतीयास व्हय?"

"तसं नाही आई. तिची सोय व्हावी म्हणून."

"तिला इचारलंस?"

मी तिला सगळं सांगत होते. कुठली तार कुठं लावली, किती वेळा ठिपका हाणला, सगळं. तुला हे हवंय का, असा प्रश्न विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आणि आता विचारावं तर तिनं काय उत्तर द्यावं अशी माझी इच्छा होती, तेच मला ठरवता येईना. हवंय म्हणाली तर माझ्यावाचून तिचं चालणार होतं. नको म्हणाली तर मी तिला तशीच सोडून जाणार होते.

अक्षरं सरळ झाली. खरं तर उलटी झाली, म्हणून वाचताना सरळ झाली. पहिलं चांगलं पान बाहेर आलं ती दुपारची वेळ होती. एवढ्याशा पानाला आईचा सगळा स्वयंपाक होऊन जायचा, आणि शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "काय पिठाची गिरणी घातलीया काय?" शैलानं पान घेतलं, उंबऱ्यावर बसली आणि वाचू लागली. ठिपके तिच्या पाटीतल्यापेक्षा बसकेच होते, बोटं सावकाश चालत होती. मी समोर उभी होते. तिच्या चेहऱ्यावर काही येईल म्हणून वाट पाहत होते. तिनं शेवटपर्यंत वाचलं, पान घडी न करता बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बरोबर आहे."

एवढंच. मग पाणी प्यायली आणि आत गेली.

मला रडू यायचं ते येईना. रागवावं तर कशासाठी? "बरोबर आहे" यात चुकीचं काही नव्हतं.

त्यानंतरचे दिवस तर आणखीच विचित्र गेले. दिवसा ती छापलेली पानं वाचायची. आणि संध्याकाळी उंबऱ्यावर बसून मला म्हणायची, "आज तेच वाच." जे पान तिनं दुपारी स्वतः वाचलेलं असायचं, तेच. मी वाचायची. ती पाटी घ्यायची नाही, नुसती ऐकायची. मध्येच म्हणायची, "इथं तू थांबतेस. पुस्तकात थांबायला काही नाही." कधी म्हणायची, "हे वाक्य तुझ्या आवाजात दुःखाचं वाटतं. नुसतं हातानं वाचलं तर साधंच आहे." ती माझी चूक काढते आहे, की माझी आठवण साठवून ठेवते आहे, मला काही ठरवता यायचं नाही. एकदा धीर करून विचारलं, "शैले, तुला आवडलं का हे प्रिंटरचं?"

पलीकडं नदीच्या घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"ताई, आजवर मला सगळी पुस्तकं तूच लिहिलीयस असं वाटायचं," ती म्हणाली. "राजे लढायचे ते तुझ्या आवाजात, तह करायचे तेही तुझ्याच आवाजात. आता कळतंय की दुसरंच कुणीतरी लिहिलंय. ते चांगलंय. पण घरात अनोळखी माणूस आल्यासारखं होतं."

मी तिचा हात धरला. तिची तर्जनी ठिपके वाचून वाचून खरबरीत झाली होती.

आता तिचा फोन तिला वाचून दाखवतो. ती इस्लामपूरला कॉलेजात इतिहास शिकवते, आणि परवा सांगलीतल्या तिच्या घरी मी गेले तर फोन कानाशी धरून मुलांचे निबंध ऐकत होती. यंत्राचा तो आवाज इतक्या वेगानं बोलत होता की मला एक शब्द लागेना. मी म्हणाले, "ही मराठी आहे का?" ती हसली. "तुझ्या वाचण्याच्या चौपट वेगानं लावलाय," म्हणाली. बाहेर हळदीचा वास होता. मी तिच्या शेजारी बसून त्या अगम्य बडबडीकडं कान लावला आणि मला वाटलं, त्या हंगामात मी प्रिंटरसमोर अशीच बसलेली असे. दोन माणसांचं काहीतरी बोलणं चाललंय, आपण अगदी जवळ आहोत, आणि आपल्याला काही कळत नाही. फार वाईट वाटतं असं नाही. थोडं एकटं वाटतं, एवढंच.

त्या चैत्रातली परीक्षा झाली. शैलानं उत्तरं सांगितली, लेखनिक मुलीनं लिहिली, आणि निकालात ती चांगल्या वर्गात पास झाली. प्रिंटरही पुढं बरीच वर्षं टिकला. मी गेल्यावर शैलानं कॉम्प्युटरच्या कळा बोटांनी पाठ केल्या. कॉलेजातल्या मैत्रिणी येऊन मजकूर सांगायच्या आणि ती स्वतः टाइप करून छापायची. तिचं एम.ए.चं बरंचसं वाचन त्या कॅलेंडरांच्या पाठीवर झालं. सुया झिजल्या तेव्हा मामांनी कुठूनतरी दुसरं डोकं आणून बसवलं. मी माहेरी आले की गल्लीच्या तोंडाशीच गिरणी ऐकू यायची. हे सगळं नीट झालं. तरी या वासाबरोबर मला जी संध्याकाळ आठवते ती परीक्षा आणि लग्न यांच्या मधली आहे.

घरात पाहुणे यायला लागले होते. आईनं कोपऱ्यात रुखवताच्या ताटांवर फडकं टाकलं होतं. शैला माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, आता परीक्षेचं नको. एक गोष्ट छापून दे."

"कुठली?"

"कुठलीही. जी तू मला कधी वाचून दाखवली नाहीस. आणि आताही दाखवू नकोस. टाइप करताना ओठ हलवतेस, तेही हलवू नकोस. मला कळतं."

मी एका जुन्या दिवाळी अंकातली एक कथा निवडली. नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची होती. नवरा रुसून निघून गेलेला, आणि ती रोज लोकांना या तीरावरून त्या तीरावर नेते. ओठ घट्ट मिटून मी ती टाइप केली. मजकूर माझ्या डोळ्यांतून बोटांत जात होता आणि तोंडाला कुलूप होतं. त्याआधी कधी मी शैलाच्या शेजारी बसून इतकी गप्प राहिले नव्हते.

पानामागून पान छापून होत होतं आणि शैला वाचत होती. मी प्रिंटरमध्ये नवा कागद घालायची, ती मागचा संपवायची. वाचताना ती एकदा हसली. एकदा तिचं बोट एका ओळीवर थांबलं, मागं गेलं, पुन्हा तीच ओळ वाचून पुढं आलं. त्या ओळीत काय होतं ते मला माहीत होतं. तिला त्यात काय सापडलं ते माहीत नव्हतं. आण्णा पेढीवरून आले आणि चप्पल काढून दारातच टेकले. आईनं चहा आणला. बोलून उपयोगच नव्हता, प्रिंटरच्या आवाजात काय ऐकू येणार होतं?

दिवस मावळला आणि शेवटचं पान अर्ध्यावर आलं असताना वीज गेली.

प्रिंटर ओळीच्या मध्येच थांबला. टीव्हीवरची अक्षरं एका ठिपक्यात गोळा होऊन विझली. एवढ्या गोंगाटानंतरच्या त्या शांततेत माझे कान वाजायला लागले. कॉम्प्युटरनं जे काही लक्षात ठेवलं होतं ते सगळं गेलं होतं. आता वीज आली की पुन्हा टेप लावायची, पुन्हा भरायचं, पुन्हा टाइप करायचं.

"गेली वाटतं," शैला म्हणाली. "दे, झालंय तेवढं दे."

मी चाचपडत रूळ फिरवला, अर्धं पान काढलं आणि तिच्या हातात दिलं. आई काडेपेटी शोधत होती. आण्णा म्हणाले, "थांबा, कुणी हलू नगा, कंदिलाला पाय लागंल." आम्ही तिघंही जिथं होतो तिथं अडकून बसलो, आणि त्या काळोखात कागदावरून बोट सरकल्याचा बारीक आवाज येत राहिला. शैला वाचत होती. मग ती मोठ्यानं वाचू लागली. अडखळत, शब्द जुळवत, पण स्वतःच्या आवाजात. तोपर्यंत आमच्यापैकी कुणीही तिला मोठ्यानं वाचताना ऐकलेलं नव्हतं.

"पैलतीरावरून हाक आली. तिनं आवाज ओळखला. वल्हं हातात घेतलं, दोर सोडला, आणि वळून न बघता म्हणाली..."

बोट कागदाच्या कोऱ्या भागावर गेलं.

"काय म्हणाली?" आण्णांनी अंधारातून विचारलं. त्यांनी गोष्टीतला शेवटचाच तुकडा ऐकला होता, तरी त्यांना राहवेना.

मला माहीत होतं. अंक माझ्या मांडीवर होता, पण त्याची गरज नव्हती. ते वाक्य मला पाठ झालं होतं. लहानपणापासून शैलाचं वाक्य जिथं अडायचं तिथून पुढं माझंच काम असायचं. माझ्या तोंडाशी शब्द आलेच. "ती म्हणाली की..."

"ताई, नको," शैला म्हणाली. तिनं हात पुढं केला आणि माझ्या ओठांवर ठेवला. हात चुकला नाही. "सांगू नकोस. मी वाचीन."

"अगं, पण वीज कधी येईल काय माहीत. पुन्हा सगळं भरायचंय."

"येऊ दे कधीही. मी थांबते."

तिचा हात अजून माझ्या ओठांवर होता. मला हसू येत होतं की रडू, काही समजत नव्हतं, आणि दोन्हीपैकी काहीही आलं असतं तरी तिच्या बोटांना कळलं असतं. आई काडेपेटी सापडूनही काडी ओढत नव्हती. आण्णा हळूच म्हणाले, "थांबू की. काय घाई हाय."

म्हणून आम्ही चौघं तसेच बसून राहिलो. शैलानं मान वर करून खोलीच्या मधोमध, जिथं दिवा होता तिकडं चेहरा केला होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती दिवे लागायची वाट पाहत होती.